मुलूख ओळखणारा फोन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, फार तर बृहन्महाराष्ट्राचा इतिहास अशा विषयांवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते ह्या मालेला लाभले आहेत. आमच्या वाट्याला जो विषय आला आहे तो ऐकून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठ्या पडल्याचे आमच्या कानी आले. विषय असा, की एकाच कारखान्यातून निघालेला, एकाच नावाचा स्मार्टफोन एका देशात जे काम बिनतक्रार करतो ते दुसऱ्या देशात का करीत नाही? आणि त्याही पुढे जाऊन, एकाच देशातील एका जिल्ह्यात चालणारी सोय शेजारच्या जिल्ह्यात अचानक का थांबते?

हा प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु ज्यांचे बिऱ्हाड इथे, माहेर सोलापुरास, एक मुलगा शारजात, मुलगी टोरांटोत आणि भाचा लष्करात काश्मीरकडे, अशी कुटुंबे ह्या सभागृहात एक सोडून एका खुर्चीवर बसली आहेत. त्यांच्या दृष्टीने तो घरचाच प्रश्न आहे.

हे मंडळ स्थापन झाले त्या सुमारास ह्या पोलादनगरीतून पुण्यास बोलावयाचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढत्या दराचे प्रकार असत, आणि लाइटनिंगचा दर असा की तो मरणाच्या निरोपासाठीच राखून ठेवावा. १९६० साली लखनौ आणि कानपूर ह्या दोन शहरांमध्ये थेट क्रमांक फिरवून बोलण्याची सोय देशात प्रथम झाली. ती इतरांपर्यंत पोहोचावयास पुढे कित्येक वर्षे गेली. त्या काळी माणसामाणसांच्या आड येत असे ते अंतर. आज अंतराने हार खाल्ली आहे. आता आड येतो तो मुलूख, म्हणजे कागदावर आखलेली हद्द.

अशा हद्दींचा अनुभव आपणांस नवा नाही. आपल्या देशाचे दूरध्वनीच्या परवान्यांसाठी २२ विभाग पाडलेले आहेत, आणि ते राज्यांच्या नकाशाशी जुळतातच असे नाही. मुंबई हा एक विभाग. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, पण परवान्याच्या नकाशात आपण अजून बिहारबरोबरच नांदतो आहोत. पूर्वी मुंबईकडे जाणारी गाडी चक्रधरपूर मागे टाकून राउरकेल्याच्या जवळ आली की डब्यातील जाणती मंडळी एकमेकांस सांगत, ‘आता आलेला फोन उचलू नका.’ कारण आपला विभाग सोडला की बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यासही पैसे पडत. बदली झाली तर क्रमांकही बदलावा लागे. राज्य बदलले तरी जुना क्रमांक जवळ ठेवण्याची मुभा ३ जुलै २०१५ पासून मिळाली. बदलीच्या नोकरीत ज्यांनी तीन राज्ये पाहिली आहेत त्यांच्या जुन्या पत्रांच्या कप्प्यात तीन निरनिराळे क्रमांक लिहिलेले सापडतील.

जी गोष्ट दूरध्वनीची तीच चित्रपटांची. चित्रपट-वितरणाच्या धंद्यात आजही ‘निजाम’, ‘म्हैसूर’, ‘सी. पी. बेरार’ अशी विभागांची नावे चालतात. ज्या संस्थानांचे आणि प्रांतांचे नाव शाळेच्या भूगोलातून केव्हाच पुसले गेले, ती तेथे हिशेबाच्या वहीत जिवंत आहेत. एक विभाग एका वितरकास, दुसरा दुसऱ्यास विकावयाचा, हा त्या धंद्याचा जुना शिरस्ता. पुढे चकत्यांवर चित्रपट येऊ लागले तेव्हा साऱ्या जगाचे सहा भाग पाडण्यात आले. अमेरिका पहिल्या भागात आणि आपण पाचव्यात. बोस्टनहून प्रेमाने पाठविलेली चकती इथल्या यंत्रात फिरत नसे ती ह्यामुळे. आज इंटरनेटवरून चित्रपट आणि नाटके पाहावयास मिळतात, पण करार त्याच जुन्या शिरस्त्याने देशवार होतात. म्हणून आपण इथे बसून पाहिलेले एखादे मराठी नाटक टोरांटोतील मुलीस ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी पाटी दाखविते. ह्यात कोणाचा दुष्टावा नसतो. निर्मात्याने त्या देशाचे हक्क विकलेले नसतात, किंवा दुसऱ्या कोणास विकलेले असतात, इतकेच.

आता फोनास आपण कोठे आहोत हे कळते तरी कसे, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण ‘आम्ही तर काहीच सांगितले नव्हते’ असे पुष्कळजण म्हणतात. फोन पाच ठिकाणी कान देऊन असतो. पहिले म्हणजे त्याचा जन्म. कोणत्या देशाच्या बाजारासाठी तो घडविला गेला ह्याची खूण त्याच्या नमुना-क्रमांकात असते. आयफोनाच्या क्रमांकात भारतासाठी ‘एच-एन’ आणि अमेरिकेसाठी ‘एल-एल’ ही अक्षरे आढळतील. दुसरे सिम कार्ड. त्याच्या पोटातील ओळख-अंकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ आणि ४०५, संयुक्त अरब अमिरातीचे ४२४. तिसरा जवळचा मनोरा. तोही असाच आकडा अखंड पुकारीत असतो. चौथा इंटरनेटचा पत्ता. ह्या पत्त्यांचे गठ्ठे जगातील निरनिराळ्या विभागांना वाटून दिलेले आहेत. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची वाटप-संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. आणि पाचवे म्हणजे आपण स्वतः खाते उघडताना लिहून दिलेला देश. ह्याशिवाय उपग्रहावरून ठावठिकाणा समजतो तो निराळाच. जुन्या काळी वेशीवरचा चौकीदार दस्तक पाहून वाटसरूस आत सोडीत असे. ह्या चौकीदारास दस्तक दाखवावे लागत नाही. आपण खिशात घेऊन फिरतो ते यंत्रच आपले दस्तक होते, आणि बहुधा चौकीदारही तेच.

ह्यांपैकी कोणत्या खुणेवर कोणती सोय अडते हे ठाऊक असले की अर्धे कोडे सुटते. जपानचेच उदाहरण घ्या. खिशातल्या फोनास कॅमेरा जोडून विकण्याचा मोठा प्रारंभ तेथे नोव्हेंबर २००० मध्ये शार्प कंपनीच्या फोनाने झाला, आणि लवकरच गर्दीच्या आगगाड्यांतून स्त्रियांची चोरून छायाचित्रे घेण्याचे प्रकार सुरू झाले. तेव्हा छायाचित्र घेताना मोठा आवाज झालाच पाहिजे, असे तेथील कंपन्यांनी ठरविले. कायदा नव्हे, रिवाज. पण तो असा पाळला गेला की कायद्यास लाज वाटावी. दक्षिण कोरियात २००४ साली त्यासाठी मानकच ठरले: आवाज ६० ते ६८ डेसिबल असावा. ही अट बहुधा फोनाच्या जन्माशी बांधलेली असते, म्हणून तो कोठेही नेला तरी ती सहसा त्याच्याबरोबर जाते. गेल्या गणेशोत्सवात आपल्याच सभागृहात, नाटकाच्या ऐन गंभीर प्रवेशात, जपानहून आलेल्या एका पाहुण्याचा फोन कसा ‘कडाक्’ करून वाजला हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्या गृहस्थांना उगाच बोलणी खावी लागली. त्यांना तो आवाज बंद करता येण्यासारखा नव्हता.

हा निर्बंध आम्हांस मनापासून मान्य आहे. दुसरा एक इतका सरळ नाही. जवळच्या अनोळखी माणसालाही आपल्या फोनावरून चित्र किंवा मजकूर तारेविना धाडता येतो, अशी ‘एअरड्रॉप’ नावाची सोय आयफोनात आहे. चीनमध्ये सरकारविरोधी पत्रके ह्या मार्गाने हातोहात फिरत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये विकलेल्या फोनांपुरते असे करण्यात आले, की ‘सर्वांकडून स्वीकारावे’ हा पर्याय दहा मिनिटांतच आपोआप मिटावा. मौज पुढेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हीच दहा मिनिटांची मर्यादा साऱ्या जगाच्या फोनांत आली. नको ती चित्रे कोणी न विचारता धाडू नयेत, हे तिचे कारण सांगण्यात आले. कारण खोटे नसेलही. पण एका मुलुखासाठी घातलेले कुंपण महिन्याभरात सर्वांच्या अंगणात आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि असे निर्बंध गरीब किंवा कडक राजवटीच्या देशांवरच येतात, अशी कोणाची समजूत असेल तर तीही बरोबर नाही. ॲपलचे मनगटी घड्याळ रक्तातील प्राणवायू मोजते. पेटंटच्या एका वादापायी जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या घड्याळांतून ती सोय काढून घ्यावी लागली. तेच घड्याळ नागपुरात घेतले तर ते बिनबोभाट मोजीत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये निराळ्या रचनेने ती सोय तेथे परत आली. युरोपात तर उलट प्रकार झाला. तेथील नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनात ॲपलखेरीज इतरांच्या दुकानांतूनही ॲप घेण्याचे दार उघडले. ते दार तेव्हा युरोपीय संघाच्या हद्दीपुरतेच होते. कायद्याने दार उघडताही येते, हे ह्यावरून दिसावे.

आता आपल्या काळजाजवळच्या विषयाकडे वळू. आखातात आपली किती मुले आहेत हे मंडळाच्या सभासद-सूचीवरून कोणीही मोजावे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देण्याचा अधिकार तेथील परवानाधारक दूरसंचार कंपन्यांकडे राखलेला आहे. परिणाम असा, की व्हॉट्सॲपवरून लेखी निरोप जातो, छायाचित्र जाते, ध्वनिमुद्रित निरोपही जातो. पण समोरासमोर पाहून बोलावयाचे म्हटले की जोडणी होत नाही. तेथे विकल्या जाणाऱ्या आयफोनांत कित्येक वर्षे ‘फेसटाइम’ नावाची सोयच दिसत नसे. तेथून हौसेने आणलेला फोन इथे आला तरी तसाच मुका राही, आणि घरातील मंडळी चिरंजिवांना विचारीत, ‘अरे, स्वस्तातला घेतलास काय?’

आमच्या परिचयातील एका आजींची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी व्हावयाची होती. मुलगा शारजात; रजा मंजूर होऊन विमान मिळेपर्यंत दोन दिवस जाणार. आदल्या रात्री सुनेने रुग्णालयातून फोन लावला, पुन्हा लावला. घंटा वाजे आणि चित्र येण्यापूर्वीच सारे थांबे. आजींची समजूत अशी झाली की मुलगा फोन उचलीत नाही. तसे त्या बोलल्या नाहीत. पण कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. शेवटी तेथेच असलेल्या, आखातात नोकरी करून आलेल्या एका पुतण्याच्या ध्यानात प्रकार आला. तिकडे परवानगी असलेले निराळे ॲप आहे, ते त्याने सुनेच्या फोनात भरून दिले, मुलासही तेच घ्यावयास सांगितले, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास माय-लेकरांची दृष्टभेट झाली. आजी सुखरूप घरी आल्या. तथापि त्या दोन तासांत त्यांच्या मनात जे येऊन गेले ते कोणत्या नियमावलीत नोंदविलेले असणार?

नियमामागे व्यापार आहे हे उघड आहे. परदेशी बोलण्याचे पैसे हे त्या कंपन्यांचे उत्पन्न. ते फुकटच्या बोलण्याने बुडू नये. सौदी अरेबियात असाच निर्बंध होता; सप्टेंबर २०१७ मध्ये तो उठविण्यात आला. अमिरातीतही २०२० च्या साथीत शाळा आणि कचेऱ्यांच्या कामासाठी झूम, टीम्स अशा सेवांना वाट देण्यात आली. म्हणजे दगड हलत नाही असे नाही. मात्र एक गोष्ट आम्ही येथे निक्षून सांगू इच्छितो. व्ही. पी. एन. नावाचा आडमार्ग घेऊन आपला इंटरनेटचा पत्ता दुसऱ्याच देशाचा भासविता येतो, आणि काही मंडळी तसा सल्ला सहज देतात. अमिरातीच्या कायद्यात पत्ता लपवून अपराध केल्यास किंवा तो दडविल्यास ५ लाखांपासून २० लाख दिरहमांपर्यंत दंड सांगितला आहे. परक्या मुलुखात पोट भरावयास गेलेल्या मुलास इथून ‘ते टाकून घे रे’ असे सांगताना एवढे तरी स्मरणात असावे.

परक्यांचे नियम सांगून झाले. आता आपल्या घरचे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर जे सागरी मार्गाने चालून आले, त्यांनी बळकावलेल्या ‘कुबेर’ नौकेवर उपग्रह-फोन सापडला होता, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा ह्यांच्या आधारे परवान्याशिवाय असा फोन बाळगणे आपल्याकडे आधीपासूनच गुन्हा होता. त्या घटनेनंतर अंमलबजावणी कडक झाली. परवानगी घेऊन भारत संचार निगमाची सेवा तेवढी वापरता येते. परदेशी गिर्यारोहकांस ह्याची कल्पना नसते. त्यांच्याकडे उपग्रहावरून संकटाची सूचना देणारे मुठीएवढे यंत्र असते. आपल्या देशी ते काढून ठेवावे लागते. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीस अशाच यंत्रापायी अडवून ठेवल्याचे आपण वाचले असेल.

प्रश्न असा, की नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय साध्या फोनातच आली. मनोरा नाही, तारायंत्र नाही, अशा डोंगरात अडकलेल्याने आकाशाकडे फोन धरावा आणि उपग्रहावरून आपला ठावठिकाणा आणि चार शब्द बचाव-केंद्राला धाडावेत, असे ‘आयफोन १४’ मध्ये आहे. अमेरिका आणि कॅनडात ती सेवा प्रथम सुरू झाली, पुढे युरोपातील काही देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान असे देश त्या यादीत आले. २०२५ पर्यंत भारताचे नाव त्यात आले नव्हते. म्हणजे पुण्याच्या दुकानात घेतलेला फोन कॅनडाच्या हिमात मदतीला धावतो, आणि हिमालयात तोच फोन, त्याच्या पोटात तोच भाग असून, मूग गिळून बसतो. महाराष्ट्रातून दरसाल हिमालयाकडे जाणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या पाहता ही गोष्ट आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही.

सुरक्षेचे कारण आम्ही हलके लेखीत नाही. ज्यांनी मुंबईची ती रात्र पाहिली आहे ते लेखणारही नाहीत. पण उपग्रहावरून हवे तितके गुप्तपणे बोलता येणे निराळे, आणि ‘मी अमक्या ठिकाणी पाय मोडून पडलो आहे’ एवढाच निरोप जाणे निराळे. दुसरा निरोप आपल्याच बचाव-यंत्रणेकडे वळवून घेण्याची व्यवस्था करता येईल, असे आम्हांस वाटते. जून २०२५ मध्ये एका परदेशी उपग्रह-इंटरनेट कंपनीस आपल्या सरकारने परवाना दिला. तेव्हा उपग्रह म्हटला की नकारच, अशी स्थिती राहिलेली नाही.

नकाशांच्या बाबतीत तर आपल्याकडे हे बदललेले आपण पाहिलेच आहे. रस्त्यावर उभे राहून पाहिल्यासारखे दृश्य दाखविणारी गूगलची सोय २०११ साली बंगळुरात सुरू होऊन काही आठवड्यांत थांबविण्यात आली. २०१६ साली सरकारने तिला नकार दिला. चीनमध्ये नकाशाचे अंश-कला मुद्दाम सरकवून ठेवावे लागतात, त्यामुळे परक्या नकाशावर रस्ता नदीतून गेलेला दिसतो. दक्षिण कोरियाने १:५००० प्रमाणाचा नकाशा देशाबाहेर नेण्यास २०१६ साली नकार दिला. आपल्या सरकारने मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये धोरण बदलले: बारीक मोजमापाची माहिती भारतीय कंपन्यांनी गोळा करावी आणि परदेशी कंपन्यांनी ती त्यांच्याकडून घ्यावी. जुलै २०२२ मध्ये ती सोय दहा शहरांत आली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, होते. आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई नातवाच्या फोनात नाशिकची आपली माहेरची गल्ली पाहत सबंध दुपार बसल्या होत्या. वाडा पडून तेथे इमारत झाली आहे हे त्यांना कळविण्याचे धैर्य घरात कोणी केले नव्हते. ते फोनाने केले. पण कोपऱ्यावरचे पिंपळाचे झाड आहे, म्हणाल्या.

राहता राहिला तो आपल्याच देशातील जिल्ह्याजिल्ह्यांचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीर खोऱ्यात दूरध्वनी आणि इंटरनेट दोन्ही थांबविण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये संथ गतीचे इंटरनेट परतू लागले आणि जलद सेवा परत यावयास फेब्रुवारी २०२१ उजाडले. दीड वर्ष झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात सांगितले, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. पुढे नियमांत एका आदेशास १५ दिवसांची मर्यादा आली. तरी २०२३ च्या मे महिन्यापासून मणिपुरात फोनांवरील इंटरनेट, मधले काही दिवस सोडता, डिसेंबरपर्यंत बंद होते.

दूर कशाला, आपल्या झारखंडात २१ आणि २२ सप्टेंबर २०२४ ह्या दोन दिवशी, नोकरभरतीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका फुटू नये म्हणून, साऱ्या राज्याचे इंटरनेट थांबविण्यात आले. उच्च न्यायालयाने रविवारी मुद्दाम बसून ते सुरू करावयास सांगितले. त्या सकाळी भाजीबाजारात काय गत झाली ते आपण पाहिलेच. खिशात रोकड बाळगण्याची सवय मोडलेली तरुण मंडळी पिशवीत भाजी घेऊन पैसे देता न येता उभी, आणि आमच्यासारखी जुनी माणसे नोटा मोजून देत असलेली, असा दुर्मिळ प्रसंग होता. हसण्याचा भाग सोडून देऊ. परीक्षेतील चोरी थांबविणे हे काम पर्यवेक्षकांचे. त्यासाठी तीन कोटींहून अधिक लोकांच्या दवाखान्यांची, तिकिटांची आणि पैशांच्या व्यवहारांची वाट अडवावी, हे आम्हांस पटत नाही. दंगल पेटली असता अफवा थांबविण्यासाठी काही तासांची बंदी समजू शकते. परीक्षेसाठी नव्हे.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र चालू होती, आणि तिचा पुष्कळांस विसर पडला. इंटरनेट बंद होते, साधे बोलणे बंद नव्हते. ज्यांचे क्रमांक कागदावर लिहिलेले होते त्यांनी एकमेकांस फोन केले. ह्या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापण्याची प्रथा आहे. ती जागा जाहिरातींना द्यावी, अशी सूचना ह्या खेपेस आली होती असे समजते. कार्यकारी मंडळाने ती मानली नाही, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

वेळ संपत आला आहे. मागील रांगेतून दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन थांबतो. मुलाने अमेरिकेहून आयफोन धाडावयाचे ठरविले आहे, तो इथे चालेल काय, असे एका भगिनींनी विचारले आहे. चालेल, पण ‘आयफोन १४’ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनांस सिम घालण्याची खाचच नसते. आपली दूरसंचार कंपनी ई-सिम देते ना, हे आधी विचारून घ्यावे, आणि तो तिकडच्या एखाद्या कंपनीशी बांधलेला नाही ह्याची मुलाकडून खात्री करून घ्यावी. दुसरी चिठ्ठी टोरांटोच्या मुलीच्या इथल्या बँक-खात्याबद्दल आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडा, अमेरिका, अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर धरून दहा देशांतील क्रमांकांवरून अनिवासी भारतीयांना यू. पी. आय. वापरू देण्याचे ठरले. त्यासाठी खाते अनिवासी प्रकारचे असावे लागते. तिने आपल्या बँकेत विचारणा करावी, आणि तोवर इथला जुना क्रमांक मरू देऊ नये, कारण बँकेचे संकेतांक त्यावरच येतात.

तिसरी चिठ्ठी मंडळाच्या काश्मीर सहलीसंबंधी आहे. जम्मू-काश्मीरबाहेरची प्रीपेड सिम तेथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. सहलीतील ४२ जणांपैकी कोणाकडे पोस्टपेड आहे ह्याची नोंद चिटणीसांनी निघण्यापूर्वी करावी आणि प्रत्येक गाडीत निदान दोघे तसे बसतील असे पाहावे. घरच्यांना त्यांचे क्रमांक कागदावर लिहून द्यावेत.